तोंडी नकाराचा कागद: दिव्यांग मुलांच्या आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या केसेस कशा उभ्या करायच्या

शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालक अर्ज देतात, त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ असते. दिव्यांग मुलाची केस बऱ्याचदा या एका ओळीत मरते. मुख्याध्यापकांनी तीन महिने ‘तुमच्या मुलासाठी वेगळी शाळा बघा’ असं तोंडी ऐकवलेलं असतं, वर्गशिक्षिकेने रोज दुपारी फोन करून ‘घेऊन जा त्याला’ म्हटलेलं असतं, आणि शेवटी कंटाळून आई त्या ओळीत लिहिते: ‘घरगुती कारण’. नोकरीतलं याचं सख्खं भावंड म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’. दोन्हीकडे भेदभाव करणाऱ्याच्या हातचा एकही कागद नसतो. सोसणाऱ्याच्या सहीचा मात्र एक पक्का कागद समोरच्याच्या फाइलला लागलेला असतो.

म्हणून या कामात कलमं शोधणं नंतर, आधी तोंडी नकार कागदावर आणणं. तालुका-जिल्हा कोर्टात काम करताना असा पक्षकार पहिल्यांदाच समोर येऊन बसलेल्या वकिलासाठी हे लिहिलं आहे. पालकांनी आणि कर्मचाऱ्यांनी वाचलं तर वकिलाचं निम्मं काम आधीच होऊन जाईल.

पहिली भेट

पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा विचारू नका. ‘आतापर्यंत कशावर सही केली आहे?’ हे विचारा. हमीपत्र, ‘माझ्या जबाबदारीवर मुलाला शाळेत पाठवत आहे’ असं संमतिपत्र, दाखल्याचा अर्ज, राजीनामा, ऐच्छिक निवृत्तीचा अर्ज, वैद्यकीय मंडळापुढे जाण्याची संमती, सगळं मागून घ्या. प्रत नसेल तर शाळेकडे किंवा कार्यालयाकडे लेखी मागा. आणि त्याच बैठकीत बजावा: यापुढे आमच्याशी बोलल्याशिवाय कुठेही सही नाही. द्यावीच लागली तर सहीखाली तारीख आणि ‘मजकूर मान्य नाही, केवळ पोच म्हणून’ एवढं लिहायचं.

राजीनामा आधीच दिला असेल तरी फाइल बंद करू नका. पंजाबात वीज मंडळाचा एक सहायक लाइनमन नोकरीत असताना पूर्ण अंध झाला आणि त्याने स्वतःच निवृत्ती मागितली. सर्वोच्च न्यायालयाने भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ या २००८ च्या निकालात मंडळालाच धारेवर धरलं. हक्काची माहिती नसलेल्या माणसाच्या अर्जाचा फायदा मालकाला घेता येत नाही, हे त्या निकालाचं सार. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालाने अपंगत्वाची पेन्शन घेतली म्हणून नोकरीचं संरक्षण जात नाही, हे ठरवलं. दोन्ही निकाल अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या जुन्या कायद्याच्या कलम ४७ वरचे आहेत. त्याचीच जागा आता दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम २०(४) ने घेतली आहे.

दुसरं काम, तारखांचं एक पान करायचं. कुणी, कधी, कुठे, काय म्हटलं, तेव्हा आणखी कोण हजर होतं, आणि त्याचा पुरावा काय. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरेसे धरू नका. मूळ मेसेज ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, ‘डिसअपिअरिंग’ची सेटिंग बंद करायची. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र देताना मूळ उपकरण लागतं, आणि जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब च्या सवयीने एक पानी प्रमाणपत्र जोडलं तर हरकत येते. नव्या नमुन्याला भाग अ आणि भाग ब असे दोन भाग आहेत.

तिसरं, मुलाचं वय. अठराच्या आत असेल तर अर्ज, तक्रार, याचिका सगळं ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आई’ किंवा ‘अ.पा.क. वडील’ या नावाने जाईल.

प्रमाणपत्रात अडकू नका

‘आधी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा, मग बघू.’ शाळा आणि कार्यालयं दोन्ही हेच सांगतात, आणि निम्मे वकीलही हेच मानून पक्षकाराला सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत पाठवतात. त्यात चार महिने जातात, शैक्षणिक वर्ष संपतं.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. त्यात ४० टक्क्यांची अट काही ठराविक लाभांपुरती आहे: कलम ३४ खालचं सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, कलम ३२ खालचं उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, कलम ३१ खालचं ६ ते १८ वयोगटाचं मोफत शिक्षण, अठरापर्यंतची मोफत पुस्तकं आणि साधनं. भेदभाव न होण्याचा हक्क आणि वाजवी सोयीचा हक्क (इंग्रजीत ‘रीझनेबल अकॉमोडेशन’, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल) यांना ही अट नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. तिथे लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्के नसतानाही लेखनिक मिळाला. या निकालाची प्रत पहिल्या पत्रालाच जोडा. मुख्याध्यापक निकाल वाचणार नाहीत, पण संस्थेचा वकील वाचेल, आणि पत्र त्याच्यासाठीच असतं.

अर्थात प्रमाणपत्र काढायचंच, फक्त त्यासाठी थांबायचं नाही. यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून त्याची पोच पत्राला लावा. टक्केवारी कमी लिहिली असेल तर कलम ५९ खाली अपील आहे. त्याची मुदत ९० दिवस, निर्णयाच्या तारखेपासून. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल साधारण आठ वर्षांचं होण्याआधी सहसा देत नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलाकडे ते मागणाऱ्या शाळेला कलम १६ दाखवा. ही अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यानुसार शिकवणं हे त्या कलमातलं कर्तव्य आहे, पालकांची परीक्षा नव्हे.

मागणीचं पत्र

या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कायद्याच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. पण नाकारण्यासाठी आधी ती मागितलेली असावी लागते, आणि ‘माझ्या मुलाला सर्व सोयी द्याव्यात’ ही मागणी नाही, ती तक्रारही नाही. तिला ‘शासन नियमानुसार सोयी दिल्या जातील’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. (मसुदा इंग्रजीतून यंत्राने मराठीत आणत असाल तर एकदा तपासा. तिथे ‘वाजवी निवास’ असा शब्द येऊन बसतो आणि कारकून तो अर्ज वसतिगृहाच्या टेबलावर पाठवतो.)

नमुना असा:

*मा. मुख्याध्यापक यांस,*
*विषय: इयत्ता तिसरी, तुकडी ब मधील विद्यार्थ्यास वाजवी सोयी मिळण्याबाबत.*
*माझ्या मुलास सेरेब्रल पाल्सी आहे. तो वॉकर घेऊन चालतो, जिना चढू शकत नाही, आणि लिहिण्यास त्याला इतरांच्या सुमारे दुप्पट वेळ लागतो. तोंडी उत्तरे तो व्यवस्थित देतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३, १६ व १७ नुसार पुढील सोयी मिळाव्यात:*
*(१) तिसरी ब चा वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणावा.*
*(२) मागील दाराच्या दोन पायऱ्यांवर (एकूण उंची ३० सें.मी.) ३.६ मीटर लांबीचा उतार करावा.*
*(३) लेखी परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ व लेखनिक द्यावा.*
*(४) फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी त्याची छापील प्रत द्यावी.*
*यांपैकी कोणती सोय कोणत्या तारखेपासून मिळेल, आणि एखादी देणे शक्य नसल्यास त्याचे कारण, हे कृपया सात दिवसांत लेखी कळवावे.*

पत्रात आजाराचं नाव एका वाक्यात संपलं आहे. त्यानंतर मूल काय करू शकतं, काय करू शकत नाही आणि त्यावर उपाय काय, एवढंच आहे. डॉक्टरांची अख्खी फाइल जोडण्याचा मोह टाळा. न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदीतला ‘वागणुकीच्या समस्या’ असा एखादा शब्द उचलून शाळा त्यावर आपलं सगळं उत्तर उभं करते.

उताराची लांबी हवेतून आलेली नाही. सुगम्यतेच्या मानकांप्रमाणे उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. तीस सेंटिमीटरला तीन मीटर साठ. पालकांना टेप घेऊन पाठवा, पायरी मोजायला लावा. मापं दिली की ‘बघू, बजेट नाही’ या उत्तराची हवा जाते, कारण कायद्यात वाजवी सोयीला एकच मर्यादा आहे: ती देणाऱ्यावर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेरचा भार पडू नये. भार किती, हे आकड्यांतच ठरतं. वर्ग तळमजल्यावर आणायला तर एक रुपयाही लागत नाही. म्हणून बिनखर्चाची मागणी यादीत पहिली ठेवायची. तीच नाकारली, तर पुढच्या खर्चाच्या सबबीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी मागणीही आकड्यात आहे. दर तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

शेवटचं वाक्य गाळू नका. सगळं पत्र त्या वाक्यासाठी आहे. शाळेपुढे आता तीनच वाटा उरतात: सोय देणं, लेखी नकार देणं, किंवा गप्प बसणं. तिन्ही तुमच्या उपयोगाच्या.

पत्र हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक हवा. नुसती सही चालत नाही, उद्या ती कुणाची हे कुणालाच आठवत नाही. लिपिकाने घ्यायला नकार दिला तर वाद न घालता त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरही टाका. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा पोस्टमनचा शेरा, हा पुरावा आहे. फोडलं की राहतं ते फक्त तुमचंच पत्र.

शाळेचं म्हणणं शाळेच्याच आकड्यांनी खोडायचं

‘आमच्याकडे सोय नाही, त्यांच्या भल्यासाठीच सांगतो.’ हे उत्तर आलं की शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतला) शोधा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. दरवर्षी शाळा या प्रणालीत माहिती भरते, त्यात उतार आहे का, कठडे आहेत का, दिव्यांग मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का हे रकाने असतात. तिथे ‘होय’ लिहून पालकांना ‘नाही’ सांगणाऱ्या शाळा कमी नाहीत. आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या मुलाची नोंद तिथे दिव्यांग म्हणून झाली आहे का. नसेल तर समग्र शिक्षा अभियानातून मिळणारं साहित्य आणि गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक त्या मुलापर्यंत पोहोचणारच नाहीत. ही नोंद दुरुस्त करून घेणं हे याचिकेपेक्षा कधी कधी जास्त उपयोगी पडतं.

खासगी विनाअनुदानित शाळेला माहितीचा अधिकार थेट लागू नाही म्हणून अर्ज फेटाळला जातो. तो शाळेकडे करायचाच नसतो. शिक्षणाधिकाऱ्यांकडे करायचा, कारण मान्यतेच्या अटींखाली जी माहिती ते शाळेकडून घेऊ शकतात ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) मध्ये येते. शाळेच्या मान्यतेची प्रत, शेवटचा तपासणी अहवाल आणि विशेष शिक्षकाची नेमणूक, हे तीन मागा. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं आहे. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आणि एका अर्जात एकच विषय, हे विसरू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं की पहिलं अपील.

शाळेविरुद्ध कुठे जायचं

मूल ६ ते १४ मध्ये असेल आणि शाळा अल्पसंख्याक संस्थेची नसेल, तर शिक्षण हक्क कायदा हाताशी आहे. प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेतली तर कलम १३ खाली पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कलम १६ खाली आठवीपर्यंत कुणालाही काढून टाकता येत नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, म्हणजे गावात जिल्हा परिषद, शहरात महानगरपालिका. निर्णय तीन महिन्यांत, आणि अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

घरीच शिकवण्याचा पर्याय हा मोठा सापळा आहे. ‘गृहाधारित शिक्षण’ कायद्यात आहे, पण बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा तो हक्क आहे. निवड मुलाच्या बाजूची. शाळेने ‘आम्ही याला गृहाधारितमध्ये टाकलं’ असं सांगणं म्हणजे सभ्य भाषेत नाव कमी करणं.

अल्पसंख्याक शाळा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे शिक्षण हक्क कायदा लागू नाही. अनेक वकील इथे हात टेकतात. पण २०१६ च्या कायद्याचं कलम १६ शासनाने ‘अनुदान दिलेल्या किंवा मान्यता दिलेल्या’ सर्व संस्थांबद्दल बोलतं, त्यात अल्पसंख्याक संस्थांना वेगळं काढलेलं नाही. मात्र त्या कलमाची रचना नीट वाचा. तिथे शासनाने आणि स्थानिक प्राधिकरणाने ‘प्रयत्न करावा’ अशी सुरुवात आहे. समोरचा वकील म्हणणार, हे कर्तव्य सरकारचं, माझ्या संस्थेचं नाही. म्हणून शिक्षणाधिकारी आणि राज्य शासन यांना पहिल्या दिवसापासून पक्षकार करा, आणि कलम १६ च्या जोडीला कलम ३(३) घ्या. ते कुणाचंही नाव न घेता दिव्यांगत्वाच्या कारणाने भेदभाव करायला सरसकट मनाई करतं. भेदभाव योग्य हेतूसाठी आणि प्रमाणात होता हे दाखवण्याचं ओझंही करणाऱ्यावर टाकतं.

नोकरी: आधी मालक कोण ते बघा

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे खासगी कंपनीविरुद्ध कलम २० घालणं. कलम २० ची मुख्य पोटकलमं, (१), (२) आणि (४), ‘सरकारी आस्थापना’ या शब्दांना बांधलेली आहेत. खासगी मालकाचा वकील पहिल्याच तारखेला ते दाखवतो आणि सगळी तक्रार संशयात जाते.

सरकारी, निमसरकारी नोकरी असेल तर कलम २० भक्कम आहे. वाजवी सोय द्यावीच लागते. केवळ दिव्यांगत्वावरून पदोन्नती नाकारता येत नाही. आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पद, म्हणजे मंजूर पदांच्या वरचं जादा पद.

समजा परिवहन सेवेतल्या चालकाची एका डोळ्याची नजर गेली आणि वैद्यकीय मंडळाने ‘चालक म्हणून अपात्र’ लिहिलं. हा कागद आला की कार्यालय दोनपैकी एक करतं: ‘अपात्र’ म्हणून सेवा संपवतं, किंवा त्याला घरी बसवून ठेवतं आणि सगळी रजा त्याच्या खात्यातून कापत जातं. दुसरं जास्त घातक, कारण त्याला आदेश नसतो. तिथेही तोच उपाय, पत्र. ‘मी अमुक तारखेपासून दररोज कामावर हजर आहे, मला काम दिलेलं नाही’ असं लिहून द्यायचं, आणि हजेरीपत्रकावर सही करू देत नसतील तर रोज सकाळी कार्यालयाच्या ईमेलवर एक ओळ टाकायची. शिवाय माहिती अधिकारात त्याच वेतनश्रेणीतल्या रिक्त पदांची विभागवार यादी मागवायची. ‘पद नाही’ या उत्तराला ही यादी पुरते, आणि रिक्त पद नसलं तरी अधिसंख्य पद आहेच. मागणीत पर्यायी पदाबरोबर घरी बसवलेला काळ कर्तव्यकाळ धरावा आणि कापलेली रजा परत जमा करावी हेही लिहा. हे लिहायचं राहतं आणि मग नोकरी मिळते पण आठ महिन्यांचा पगार जातो.

प्रत्येक सरकारी आस्थापनेत कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत चौकशी, समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. प्रत्यक्षात कोण अधिकारी आहे हे कार्यालयालाच माहीत नसतं. तरीही ‘मा. तक्रार निवारण अधिकारी, द्वारा कार्यालयप्रमुख’ अशा पत्त्याने तक्रार द्या. नेमणूकच नाही असं उत्तर आलं तर तुमच्या तक्रारीत आणखी एका कलमाचा भंग जमा झाला.

खासगी नोकरीत कलम ३ आणि कलम २१. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करून ते दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावं लागतं, आणि त्यात सोयी, पदं, निवडीची पद्धत, संपर्क अधिकारी हे सगळं असावं लागतं. एचआरला पहिलं पत्र धोरणाची प्रत मागणारं लिहा. ती नसते. मग सोयीची मागणी करणारं दुसरं पत्र वेगळ्या गांभीर्याने वाचलं जातं. कायद्याच्या भंगाला कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढे ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. खरं सांगायचं तर पहिला दंड मोठ्या कंपनीला चहापाण्याचा खर्च आहे. दबाव येतो तो आयुक्तांपुढे संचालकाला हजर राहावं लागण्याचा.

कर्मचाऱ्याच्या पत्रात निदान कमी, कामाचा तपशील जास्त हे मुलापेक्षाही कडक पाळा. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेली लेखापाल ‘मला गंभीर आजार आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ असं लिहिते, तेव्हा ती स्वतःच मालकाला ‘मग झेपेल का’ हा प्रश्न पुरवते. त्याऐवजी: ‘उष्णतेने थकवा वाढतो. तळमजल्यावर वातानुकूलित खोलीतलं टेबल, कामाची वेळ ८ ते ४, आणि दुपारी १५ मिनिटांची विश्रांती मिळाल्यास मी सध्याचं सर्व काम पूर्ण करू शकते.’ पूर्ण करू शकते, हे शब्द पत्रात असलेच पाहिजेत.

मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याला आरोपपत्र आलं असेल तर आधी खुलाशात घटनेची बाजू मांडायला बसू नका. आजाराचे कागद आणि सोयीची मागणी पहिल्याच उत्तरात जाऊ द्या. रवींद्र कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मानसिक दिव्यांगत्व हे त्या वागण्यामागचं एक कारण असलं तरी पुरे, ते एकमेव कारण असण्याची गरज नाही. कारवाईच भेदभाव ठरू शकते. हा मुद्दा चौकशी संपल्यावर उपस्थित केला तर ‘नंतर सुचलेलं’ म्हणून बाजूला पडतो.

आयुक्तांकडे तक्रार, आणि तिच्या मर्यादा

राज्याच्या अखत्यारीतल्या बाबींसाठी राज्य आयुक्त, पुणे. केंद्र सरकार, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्रीय विद्यालयं यांच्यासाठी मुख्य आयुक्त, नवी दिल्ली. छावणी मंडळाची (कॅन्टोन्मेंट बोर्डाची) शाळा किंवा दवाखाना असेल तर गाव महाराष्ट्रातलं असलं तरी प्रकरण केंद्राकडे जातं. चुकीच्या आयुक्तांकडे टाकलेली तक्रार परत यायलाच दोन महिने लागतात.

तक्रार चार पानांच्या आत बसवा: पक्षकार, तारखांचं पान, मागितलेल्या सोयींचा तक्ता (मागणी, तारीख, उत्तर), आणि नेमकी मागणी. कायद्यावर एक परिच्छेद पुरे. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस मिळाल्यापासून तीन महिन्यांत संबंधित प्राधिकरणाने कार्यवाही करावी लागते, आणि ती मान्य नसेल तर कारणं लेखी कळवावी लागतात, तक्रारदारालाही. इथे पुन्हा कागदच येतो हातात. ही कारणं उच्च न्यायालयात फार उपयोगी पडतात.

पण हे नाव शिफारसच आहे. जुन्या कायद्याखाली स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध विनेश कुमार भसीन या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयुक्तांना अंतरिम स्थगिती देता येत नाही. म्हणून उद्या सेवा संपणार असेल, परवा प्रवेशाची मुदत असेल, तर आयुक्तांकडे जाऊन वाट बघू नका. राज्य शासनाचा कर्मचारी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, केंद्राचा असेल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. खासगी शाळेतला शिक्षक-शिक्षकेतर असेल तर शाळा न्यायाधिकरण, तिथली अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून फक्त ३० दिवस. जिल्हा परिषद कर्मचारी आणि मुलांची प्रकरणं थेट उच्च न्यायालयात. कारखान्यातल्या कामगाराची वाट कामगार कायद्यांतून जाते आणि तिथल्या मुदती दिवसांत मोजल्या जातात, तेव्हा तो पक्षकार आला त्याच आठवड्यात कामगार वकिलाशी बोलून घ्या.

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पक्षकारांना आता मुंबई गाठावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. मुलाच्या याचिकेत अंतरिम मागणी एकाच वाक्याची असू द्या: याचिका प्रलंबित असेपर्यंत मुलाला वर्गात बसू द्यावं. नुकसानभरपाई, कारवाई, चौकशी हे सगळं नंतर. आणि याचिकेच्या शीर्षकात मुलाची आद्याक्षरं वापरण्याची परवानगी मागा. एकदा नाव इंटरनेटवर गेलं की पुढची प्रत्येक शाळा ते शोधते.

कलम ९२ खाली, चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्याबद्दल, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. पालक संतापलेले असतात, लगेच पोलीस ठाण्यात जाऊ म्हणतात. खरोखर मारहाण, कोंडून ठेवणं, अपमान झाला असेल तर जरूर जा. प्रवेश मिळवण्यासाठी दबाव म्हणून जाऊ नका, कारण मुलाला त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचं आहे.

फीचा प्रश्न येतोच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली दिव्यांग व्यक्तीला आणि बालकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. खासगी घेतलेल्या केसमध्येही आयुक्तांपर्यंतचं काम आणि उच्च न्यायालय यांची फी सुरुवातीलाच वेगळी सांगून टाका.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत मुख्याध्यापकांना जाते आणि त्यांच्या टेबलाच्या खणात राहते. वर्गशिक्षिकेला, परीक्षा प्रमुखांना, बसच्या मावशींना काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून आदेशातल्या सोयींचं एक पानी साधं मराठी टिपण करून शाळेमार्फत प्रत्येकाला द्या आणि पोच घ्या. जूनमध्ये वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात, खोली पुन्हा पहिल्या मजल्यावर जाते. तेव्हा दर वर्षी शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात तेच पत्र नव्या तारखेने द्यायचं. दहावी-बारावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तो परीक्षेच्या फॉर्मबरोबर गेला का, हे शाळेच्या शब्दावर न सोडता जावक क्रमांक विचारून घ्या. फेब्रुवारीत कळून काही होत नाही.

आणि मुलाची जन्मतारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. अठरा पूर्ण झालं की अ.पा.क. म्हणून आईची सही चालत नाही. मुलाच्या स्वतःच्या सहीचं किंवा अंगठ्याचं नवं वकीलपत्र लागतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्वामुळे पालकत्व हवंच असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. तो वाढदिवसाच्या सहा महिने आधी तयार ठेवा.